घरात कॅमेरा येतो तेव्हा...

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कधी कॅमेरा शिरला आहे का? लग्नामुंजीत येतो तो नव्हे हं! त्या कॅमेऱ्यापुढे आपण दागिने घालून, पदर सावरून उभ्या राहतो आणि तोही बिचारा आपल्याला दाखवायचे असते तेवढेच टिपतो. मी म्हणते तो कॅमेरा निराळा. तो मोरीपर्यंत येतो, फडताळात डोकावतो आणि 'काकू, तुम्ही आमच्याकडे बघूच नका, रोजच्यासारखं काम करत राहा' असे सांगतो. आता सांगा, कोणी टक लावून बघत असताना रोजच्यासारखी पोळी लाटता येते का कोणाला?

आमच्या घरात हा पाहुणा आणला माझ्या लेकीने. ती पुण्याला शिकते. दुसऱ्या वर्षाला त्यांना दहा मिनिटांची फिल्म करून द्यावी लागते, तिला गुण असतात. जानेवारीत ती घरी आली ती एक मैत्रीण, एक वर्गमित्र आणि वायरींनी भरलेल्या दोन पिशव्या घेऊनच. चार दिवसांचे काम, असे म्हणाली. पुढे त्याचे पंधरा दिवस झाले. त्या पंधरा दिवसांत तिला काय गुण मिळाले ते सोडा, मला मात्र पुष्कळ शिकायला मिळाले. उद्या तुमचीही लेक किंवा मुलगा 'आई, मला फिल्म करायचीय' म्हणत दारात उभा राहील. म्हणून हे सगळे लिहिते आहे.

विषय कुठे शोधायचा?

पहिल्यांदा लेकीच्या डोक्यात एक खुनाची गोष्ट होती. पडका वाडा, रात्र, किंकाळी वगैरे. मी कपाळाला हात लावला. पण त्यांच्या शिक्षकांनी वर्गात दोन लघुपट दाखवले आणि तिचे मन पालटले. दोन्ही विद्यार्थिदशेत केलेले, दोन्ही मराठी.

एक उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी'. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना 2004 साली त्यांनी तो केला. पोटापाण्यासाठी आई घरात पिठाची गिरणी आणते. आधी मुलाला तिचे अप्रूप वाटते, मग त्याच घरघरीचा त्याला वीट येतो. एवढीच गोष्ट! पण तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'वळू' आणि 'देऊळ' काढणारे ते हेच कुलकर्णी.

दुसरा नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या'. हा त्यांनी नगरच्या महाविद्यालयात शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केला. शाळेची ओढ लागलेल्या पारधी समाजातल्या एका पोराची ही गोष्ट. 2010 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मंजुळ्यांना पदार्पणाचा पुरस्कार मिळाला आणि त्यातल्या सूरज पवार या मुलाच्या कामाचीही दखल घेतली गेली. 'फँड्री' आणि 'सैराट' त्यानंतरचे.

बघा हं, एकात पिठाची गिरणी, दुसऱ्यात शाळेचे दप्तर. किंकाळी कुठेच नाही. लेकीला जाणवले की, ज्याला जे घर आतून ठाऊक, त्याने तेच दाखवले आहे. मग तिला आठवले आपले सोनगीर.

सोनगीर हे माझे सासर. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर हे गाव लागते. गावाच्या डोक्यावर किल्ला आहे आणि गावाचे नाव आहे ते तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी. खानदेशात कितीतरी घरांत लग्नातला हंडा, कळशी, परात, बंब सोनगीरचाच असायचा. आमचे घर तांबटांचे. मी लग्न होऊन आले तेव्हा पहाटे गजराची गरज नसे, हातोड्यांच्या ठोक्यांनीच जाग येई. पुढे स्टेनलेस स्टील आले, प्लॅस्टिक आले. कल्हईची कटकट कोणाला नको झाली, घासायला कोणाला वेळ उरला नाही. मामंजी गेले तेव्हा आमच्या घरातली भट्टीही विझली. आम्ही नोकरीपायी धुळ्याला राहतो. सासूबाई मात्र सोनगीरचे घर सोडत नाहीत. मामंजींच्या हातोड्या त्यांनी तेलाचे बोट फिरवून, फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत.

लेक म्हणाली, 'आई, आजीवर फिल्म करते.' मला कोण आनंद झाला!

आधी कागद, मग कॅमेरा

पहिला अख्खा दिवस मंडळींनी किल्ल्यावर घालवला. पहाटे पाचला उठून, माझ्याकडून थर्मासभर चहा घेऊन गेले ते दुपारी उन्हाने लाल होऊन परतले. सूर्योदय घेतला, बुरूज घेतला, वरून दिसणारे गाव घेतले, एक शेळीही घेतली. संध्याकाळी मोजले तर दोन तासांचे चित्रीकरण झाले होते. पुढे फिल्ममध्ये त्यातले किती राहिले असेल? चार सेकंद! सबंध दिवसाचे चार सेकंद.

मी विचारले, 'तुम्ही यादी केली होती का?' तिघेही एकमेकांकडे बघू लागले. अहो, आपण दिवाळीच्या फराळाला बसतो तर आधी वाण्याची यादी करतो ना? चकलीची भाजणी दळून आणल्याशिवाय कढई चढवत नाही. पूर्वी रीळ महाग होती, म्हणून माणसे आपोआप विचार करत. 35 मिलिमीटरची हजार फुटांची रीळ जेमतेम अकरा मिनिटांत संपते. प्रत्येक फुटाला पैसे. आता मोबाइल फुकट टिपतो, म्हणून डोके न चालवता बोट चालते. आणि मग ते सगळे बघायला, निवडायला रात्रीच्या रात्री जातात. तांदूळ थोडे घेतले तर निवडायलाही थोडेच लागतात, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओसरीवर बसवले आणि एक वही दिली. काय दाखवायचे, कोणाचे दाखवायचे, का दाखवायचे, हे लिहून काढल्याशिवाय जेवण नाही, असे सांगितले. दोन तासांत वही भरली.

धीर धरण्याची गोष्ट निघाली तेव्हा मी त्यांना दादासाहेब फाळक्यांच्या वाटाण्याची आठवण दिली. 1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर फाळक्यांनी एकदम 'राजा हरिश्चंद्र' काढला नाही. पैसे लावणाऱ्यांची खात्री पटवायची होती. म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत, महिन्याहून अधिक काळ, रोज थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर ते जेमतेम मिनिटभराचे झाले. 'अंकुराची वाढ' म्हणतात ती हीच छोटी फिल्म. शिकाऊ माणसाने पहिले काम किती लहान आणि किती निगुतीने करावे, याला यापरता दाखला नाही.

यंत्रसामग्रीचेही तसेच. कॅमेरा हलता ठेवायला एक महागडी दांडी मिळते, ती विकत घ्यायचे त्यांच्या मनात होते. मी म्हटले, धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव आहे. तिथल्या नासिर शेख यांनी आणि त्यांच्या मित्रांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. त्यांच्यात यंत्रमागावर राबणारी माणसे होती. फिरत्या कॅमेऱ्यासाठी त्यांनी सायकल वापरली, उंचावरच्या दृश्यासाठी बैलगाडीचा आधार घेतला. त्यांच्या धडपडीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट निघाला आणि 2025 साली हिंदी चित्रपटही आला. मग आमच्या मंडळींनी शेजारच्या घरातली बाबागाडी मागून आणली. कॅमेरा हातात धरून एकीने तीत बसायचे आणि दुसऱ्याने ढकलायचे. काम झाले!

काकींची आठवण

तीन तरुण पोरे घरात म्हणजे रोजचे सहा डाव. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, शेवभाजी, एक दिवस दाळबट्टी. तिसऱ्या दिवशी माझी कंबर बोलायला लागली आणि मनात आले, फिल्म लेकीची, पण घाम कोणाचा?

तेव्हा मला सरस्वतीबाई फाळके आठवल्या. सगळे त्यांना काकी म्हणत. दादासाहेबांच्या चित्रपटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले. पण केवळ दागिने दिले असते तर त्या आपल्या नेहमीच्या गोष्टीतल्या सोशिक पत्नी झाल्या असत्या. त्यांनी काम शिकून घेतले. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडलेली नसत. रात्री अंधारात बसून ती भोके काकी पाडत. फिल्म धुण्याची रसायने कालवत. उन्हाचा उजेड पात्रांवर पडावा म्हणून पांढरी चादर धरून उभ्या राहत. आणि हे सगळे साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकून! 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा त्यात तारामती झाले होते साळुंके नावाचे गृहस्थ, कारण काम करायला एकही बाई मिळाली नव्हती. पडद्यावर बाई नाही, पण पडद्यामागे ती होतीच. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, तो भाग निराळा.

मी लेकीला हे सांगितले आणि म्हटले, 'मी भाकऱ्या थापीन. पण मलाही काहीतरी शिकव.' तिने माझ्या कानाला ते आवाज ऐकायचे यंत्र लावले. त्या दिवसापासून आवाजाचे खाते माझ्याकडे. आणि भांडी घासायचे खाते वर्गमित्राकडे, हेही मीच ठरवून टाकले.

फ्रीजमध्ये किल्ली

यंत्र कानाला लावले आणि मी थक्कच झाले. आपल्या घरात एवढे आवाज असतात? पंख्याची घरघर, नळाची टिपटिप, ट्यूबची गुणगुण, हायवेवरच्या ट्रकचे भोंगे. आपला कान नको ते गाळून टाकतो. यंत्र काहीच गाळत नाही. सासूबाई इतके छान बोलल्या आणि मागे आमचा फ्रीज इंजिनासारखा धडधडत होता!

मग फ्रीज बंद करू लागलो. पण चालू करायची आठवण कोणाला? पहिल्याच दिवशी लिटरभर दूध नासले. यावर एक नामी युक्ती आहे. फ्रीज बंद करताना घराची किल्ली आत ठेवायची. बाहेर पडताना किल्ली शोधाल, फ्रीज उघडाल आणि बटण आठवेल. तसेच, बोलणाऱ्या बाईच्या पदराला छोटा माइक लावायचा असेल तर खळ घातलेले कडक लुगडे नको. त्याची खसखस बोलण्यापेक्षा मोठी येते. आणि काम संपल्यावर सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसून नुसता खोलीचा आवाज टिपून ठेवायचा. पुढे तुकडे जोडताना तो ठिगळासारखा कामी येतो.

उजेडाचे शास्त्र त्याहून सोपे. माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवू नका, चेहरा काळा येतो. खिडकी एका बाजूला ठेवा. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर ऊन मऊ असते. काकींची ती पांढरी चादर आजही उपयोगी पडते. आम्ही तर गादीवरचा पलंगपोसच धरला होता.

कालचं लुगडं

एक गंमत सांगते. एकच प्रसंग दोन दिवस घ्यायचा होता. म्हणजे आजीच्या अंगावर दोन्ही दिवस तेच लुगडे हवे, नाहीतर पडद्यावर क्षणात रंग बदलायचा. सासूबाई ऐकायला तयार नाहीत. 'कालचं पारोसं लुगडं आज आंघोळ करून कसं नेसू?' पोरे हसू लागली. मी म्हटले, हसू नका, त्यांचे बरोबर आहे. रात्री लुगडे धुऊन, पंख्याखाली वाळवून सकाळी दिले. फिल्मसाठी माणसाने सोवळे सोडायचे, की माणसासाठी फिल्मवाल्यांनी रात्री जागायचे? दुसरेच बरोबर, असे मी तेव्हा मोठ्या ऐटीत सांगितले. पण हाच धडा चार दिवसांनी मीच विसरले.

माझी चूक

आता सांगते ते सांगताना मला अजून संकोच वाटतो.

एका रात्री जेवणे झाल्यावर सासूबाई नातीला घेऊन माजघरात बसल्या. समोर मामंजींच्या हातोड्या होत्या. बोलता बोलता त्या जुन्या दिवसांवर आल्या. धंदा बसला त्या वर्षी घरात काय घडले, ते त्यांनी नातीला सांगितले. स्वतःच्या मुलांनाही कधी सांगितले नव्हते. बोलताना रडल्या. लेकीचा मोबाइल खाटेवर चालूच राहिला होता. तिने मुद्दाम लपवला नव्हता, पण सांगितलेही नव्हते.

लेकीने धुळ्याला येऊन फिल्म जोडली आणि मला दाखवली. ते रडणे तिने अगदी शेवटी ठेवले होते. काय सांगू? माझ्या डोळ्यांना धार लागली. लेक म्हणाली, 'आई, हे आजीला दाखवूया का आधी?' आणि मी, तिची आई आणि त्यांची सून, काय म्हणाले असेन? 'कशाला उगाच? त्यांना काय कळतंय त्यातलं? दे पाठवून. पहिला नंबर येईल बघ.'

मैत्रिणींनो, लेकीला पहिला नंबर मिळावा एवढाच माझा हेतू होता. पण हेतू चांगला म्हणून वाट चांगली होते का?

सुदैवाने लेक माझ्यापेक्षा शहाणी निघाली. रविवारी ती फिल्म घेऊन सोनगीरला गेली. मीही गेले. सासूबाईंनी चष्मा लावून सगळी फिल्म बघितली. किल्ला बघून हसल्या, स्वतःला चालताना बघून लाजल्या. शेवट आला आणि त्या गप्प झाल्या. रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. चष्मा काढून पदराने पुसला आणि आमच्या अहिराणीत एवढेच म्हणाल्या, 'पोरी, माले इचारं का कोनी?'

मला विचारलं का कोणी?

मी खाली बघू लागले. पन्नास वर्षे त्या बाईने घराची अब्रू पदरात बांधून ठेवली होती. नवऱ्याचा मान जाऊ नये म्हणून मुलांनाही कळू दिले नव्हते. आणि मी ते दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये घालून परक्या गावी पाठवायला निघाले होते. घरातल्या भांड्याला कोणी विचारत नाही, कुठे ठेवू म्हणून. मी त्यांना भांडेच समजले होते. ते त्या रात्री काय बोलल्या, हे मी इथे लिहिणार नाही. ते त्यांचे आहे. तेवढे तरी मी शिकले.

फिल्म द्यायला तीन दिवस उरले होते. वर्गमित्र म्हणाला, शेवट काढला तर फिल्ममध्ये उरतेच काय? त्याचेही खोटे नव्हते. लेक रात्रभर जागी होती. सकाळी तिने तो भाग काढला, नुसता फिल्ममधून नाही, मोबाइलमधूनही, आजीच्या समोर.

'आते काढ तुना फोटो'

मग सासूबाई उठल्या. न्हाल्या, ठेवणीतले लुगडे नेसल्या. माळ्यावरून एक पितळी कळशी उतरवायला सांगितली. ओसरीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, 'आते काढ तुना फोटो.' आता काढ तुझा फोटो.

त्यांनी काय सांगितले माहीत आहे? आम्ही कोणी कधी विचारलेच नव्हते ते. आम्ही सगळे मामंजींच्या हातोडीबद्दल विचारत होतो. त्या म्हणाल्या, हातोडी तर दिसते, पण भाता कोण मारत होतं? पत्रा ठोकून ठोकून कडक होतो, आणखी ठोकला तर तडकतो. म्हणून तो मधूनमधून भट्टीत लाल करून मऊ करावा लागतो. त्या विस्तवाची आंच कमीजास्त करायची ती भात्यावर बसलेल्या माणसाने. आणि भात्यावर त्या बसत. एक पोर मांडीवर, एक पाळण्यात. रंगावरून त्यांना कळे, आता पुरे. तयार भांडी चिंच लावून उजळायच्या त्याच. भांडे हातावर तोलून, बोटाने टिचकी मारून पारखायच्याही त्याच. चांगले भांडे गातं, म्हणाल्या, आणि चीर गेलेलं बद्द वाजतं. हे म्हणून त्यांनी कळशीला टिचकी मारली. माझ्या कानाला यंत्र होते. तो नाद कितीतरी वेळ घुमत राहिला. फ्रीज बंद होता, देवाची कृपा!

कल्हईचेही सांगितले. तांब्यापितळेत ताक, चिंच, आमसूल घातले की ते कळकते, अन्न बाधते. म्हणून भांडे तापवून, नवसागर टाकून, आतून कथलाचा हात फिरवायचा. 'आजकालच्या मुली ताटाएवढ्या परातीत शोभेची फुलं ठेवतात,' त्या म्हणाल्या, 'ठेवा बापडे. पण कल्हई नसेल तर तीत कढी करू नका.' हे वाक्य फिल्ममध्ये तसेच ठेवले आहे. बघणारे हसतात आणि लक्षातही ठेवतात.

फिल्मचा शेवट आता तो कळशीचा नाद आहे. त्यानंतर काळ्या पडद्यावर सगळ्यांची नावे येतात. पहिले नाव सासूबाईंचे. 'सहकार्य' म्हणून नव्हे, 'भाता, उजळणी, पारख' म्हणून. आपले नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत त्यांनी प्रथमच पाहिले. शाळेच्या दाखल्यावर नव्हते, कारण शाळाच नव्हती. दुकानाच्या पाटीवर मामंजींचे होते.

तुम्ही विचाराल, मग पहिला नंबर आला का? नाही आला. गुण बरे मिळाले. शिक्षकांनी म्हणे शेरा मारला, शेवट थोडा शांत आहे. पण त्या दिवसापासून एक झाले. लेक दर रविवारी आजीला फोन करते आणि आजी आपणहून सांगते, 'हे लिहून ठेव' किंवा 'हे तुझ्यापुरतंच.' काय दाखवायचे ते त्या ठरवतात. आणि खरे सांगू? 'तुझ्यापुरतं' म्हणून सांगितलेलेच जास्त असते.

तुमच्या घरी कॅमेरा येणार असेल तर

आमच्या ठेचांतून निघालेल्या चार गोष्टी तुमच्यासाठी:

- गोष्ट काय, हे मुलांना दोन ओळींत लिहायला लावा. दोन ओळींत मावत नसेल तर दहा मिनिटांत मावणार नाही.
- दिवस चार सांगितले तर आठ धरा. खर्चाचा आकडा आधी ठरवा. जेवणखाण आणि प्रवास हा सर्वांत मोठा खर्च असतो, तो मुले धरतच नाहीत.
- कामे वाटून घ्या. आईने नुसता स्वयंपाक करायचा नाही. आवाज, यादी, हिशेब, यातले एक खाते मागून घ्या.
- दिवसाचे काम संपले की रोजच्या रोज दोन ठिकाणी उतरवून ठेवा. मोबाइल पाण्यात पडायला वेळ लागत नाही.
- ज्याचे चित्र घ्यायचे त्याला तीनदा विचारा. घेण्याआधी, घेऊन झाल्यावर दाखवून, आणि बाहेर पाठवण्याआधी. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना तर नक्कीच. 'त्यांना काय कळतंय' असे कोणी म्हणाले तर माझी आठवण करा.
- एखादा भाग कितीही सुंदर असला आणि नको म्हटले तर काढा. खरा असेल तर त्याच्या जागी दुसरे काहीतरी चांगले येते. आमच्याकडे कळशी आली.
- शेवटी नावे लिहिताना आठवून आठवून लिहा. भात्यावर कोण बसले होते ते विसरू नका.

ती कळशी आता आम्ही धुळ्याला आणली आहे. परवा कल्हई करून घेतली. पाणी भरताना कधी तिला बोटाची टिचकी लागते, नाद घुमतो, आणि माझ्या मनात तो प्रश्न पुन्हा येतो. मग मुलांचे काही ठरवायचे असो, सासूबाईंचे असो की ह्यांचे असो, आधी मी जाऊन विचारते.

तुम्हीही आज घरात कोणाला तरी विचारून बघा. कॅमेरा नसला तरी चालेल.